कव्हर लेटर कसं लिहायचं? खान्देशातल्या पोरापोरींना नेहमी पडणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार कडून पुण्याला, नाशिकला, सुरतला नोकरीसाठी अर्ज करणारे खूप जण आहेत, आणि इथल्याच एमआयडीसीत, पतसंस्थेत, शाळेत, केळीच्या पॅकहाउसवर काम शोधणारेही तेवढेच. मी भरतीचं काम बघतो, त्यामुळे असे अर्ज रोज डोळ्याखालून जातात, आणि चांगली तयारीची पोरं फक्त रिझ्युमसोबतचं पत्र, म्हणजे कव्हर लेटर, धड न लिहिल्यामुळे मागे पडतात याचं मनापासून वाईट वाटतं. म्हणून वारंवार विचारले जाणारे प्रश्न इथे एका जागी घेतलेत.

रिझ्युम तर जोडलेलाच असतो, मग कव्हर लेटर कशाला?

रिझ्युममध्ये तुम्ही आजपर्यंत काय काय केलं ते सगळं असतं, दहा कंपन्यांना पाठवला तरी तोच. कव्हर लेटर एकाच कंपनीच्या एकाच पोस्टसाठी असतं, आणि त्यात कंपनीला एवढंच सांगायचं असतं की "तुम्हाला ह्या कामासाठी माणूस पाहिजे, त्यातलं अमुक काम मी केलंय, हे बघा." बस. रिझ्युममधलंच सगळं परत वाक्यात लिहून काढलं तर ते पत्र कोणी वाचत नाही आणि वाचूही नये.

पण खरंच कोणी वाचतं का हो?

सगळीकडे वाचत नाहीत. मोठ्या कंपनीच्या पोर्टलवर हजारो अर्ज येतात, तिथे आधी रिझ्युमच चाळला जातो आणि पत्र उघडलं जाईलच असं नाही. पण खान्देशातल्या बऱ्याचशा कंपन्या मध्यम किंवा लहान आहेत, दाल मिल, चटईचे कारखाने, पाइप आणि ठिबकचे प्लांट, कोल्ड स्टोरेज, खाजगी शाळा, हॉस्पिटल, आणि तिथे अर्ज थेट मालकाच्या नाहीतर मॅनेजरच्या ईमेलवर किंवा व्हॉट्सॲपवर जातो. तो माणूस आधी तुमचा मेसेजच वाचतो, अटॅचमेंट नंतर उघडतो. तिथे पत्राला फार वजन आहे. शिवाय दोन उमेदवार सारखे वाटत असले तर धड लिहिलेलं पत्र ज्याचं असतं त्याला आधी फोन जातो, हे मी स्वतः बघतो.

शाळेत शिकवलेला विनंती अर्जच टाकला तर चालत नाही का?

सगळ्यात जास्त गडबड इथेच होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आपल्या डोक्यात तो साचा पक्का बसलाय. "वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज करतो की", मग "माझी घरची परिस्थिती हलाखीची असून मला नोकरीची नितांत गरज आहे", आणि शेवटी "तरी माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा ही नम्र विनंती". फी माफीसाठी, बोनाफाईडसाठी हा साचा बरोबर आहे कारण तिथे तुम्ही काहीतरी मागताय. नोकरीच्या अर्जात समोरच्यालाही तुमच्याकडून काहीतरी पाहिजे असतं, त्याच्या जागेवर माणूस नाहीये, काम अडलंय, आणि त्याला बघायचंय की तुम्ही ते सांभाळाल का.

घरची परिस्थिती लिहू नका. खरी असली तरी लिहू नका. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण वाचणाऱ्याला त्यावरून कामाचं काही कळत नाही आणि पगार ठरवायची वेळ आली की तीच ओळ तुमच्या विरोधात जाते, समोरचा समजतो हा मिळेल त्यात येईल. गरज सगळ्यांनाच आहे, तुम्ही काय करू शकता ते लिहा.

नम्रता मात्र ठेवा. "मा. व्यवस्थापक साहेब", "आदरणीय मॅडम" हे आपल्याकडे छान वाटतं, ते काढायची गरज नाही. फक्त तीन-तीनदा "विनंती", "कृपा", "उपकार" नको.

पहिली ओळ काय लिहू? तिथेच अडकायला होतं.

जाहिरात परत वाचा. त्यात त्यांनी दोन-तीन गोष्टी मागितलेल्या असतात, त्यातली तुम्हाला सगळ्यात चांगली येणारी गोष्ट उचला आणि तिथूनच सुरू करा. समजा अकाउंट असिस्टंटची जाहिरात आहे, टॅली आणि जीएसटी रिटर्नचा अनुभव पाहिजे म्हटलंय, तर पहिलंच वाक्य असं येऊ द्या: "जळगावच्या एका कर सल्लागाराकडे मी दीड वर्ष टॅलीवर खरेदी-विक्रीच्या एंट्र्या आणि जीएसटीआर-१ व ३बी चं काम करतेय." वाचणारा लगेच पुढे सरकतो. "मी आपल्या नामांकित कंपनीची जाहिरात वाचली व मला अत्यंत आनंद झाला" याने काही होत नाही, ते सगळेच लिहितात.

कंपनीची स्तुती करायची तर एकच ओळ आणि तीसुद्धा माहितीची. विप्रोची सुरुवात १९४५ साली आपल्या अमळनेरला वनस्पती तुपाच्या कारखान्यातून झाली, त्यामुळे तिकडच्या मुलांना ते लिहायचा मोह होतो. लिहा की, अभिमानाची गोष्ट आहे, पण पुढच्याच वाक्यात कामावर या, कारण गाव एक आहे म्हणून कोणी कोडिंगच्या पोस्टवर घेत नाही.

मधल्या भागात नेमकं काय भरायचं?

दोन गोष्टी, जास्तीत जास्त तीन. आणि त्या अशा की समोरच्याने खोदून विचारलं तर तुम्ही दहा मिनिटं बोलू शकाल. "हार्डवर्किंग, सिन्सिअर, टीम प्लेअर, क्विक लर्नर" ही सगळी विशेषणं कोणीही स्वतःला लावू शकतं. त्याऐवजी प्रसंग लिहा. काय अडचण होती, तुम्ही काय केलं, काय फरक पडला. आकडा माहीत असेल तर आकडा द्या, माहीत नसेल तर बनवू नका, मुलाखतीत पहिला प्रश्न त्याच आकड्यावर येतो आणि तिथे त-त-प-प झालं की बाकीचं खरं असलेलंही खोटं वाटायला लागतं.

एखादा पूर्ण नमुना दाखवा ना.

हा घ्या. बीएस्सी ॲग्री झालेला मुलगा, केळीच्या पॅकहाउसवर सुपरवायझरची जागा. कॉपी करू नका, बांधणी बघा.

"विषय: पॅकहाउस सुपरवायझर पदासाठी अर्ज, सावदा

मा. व्यवस्थापक साहेब,

तुमच्या जाहिरातीत दोन गोष्टी मागितल्या आहेत, सीझनमध्ये मजुरांची टोळी सांभाळणं आणि एक्स्पोर्टच्या बॉक्सची क्वालिटी बघणं. ही दोन्ही कामं मी केली आहेत.

मागचे दोन सीझन मी रावेर तालुक्यात एका व्यापाऱ्याच्या पॅकहाउसवर होतो. घडाच्या फण्या काढणं, चीक धुवून निघेपर्यंत पाण्याच्या टाकीत ठेवणं, डाग पडलेल्या आणि जाडी न भरलेल्या फण्या बाजूला करणं, १३ किलोचा बॉक्स वजनाला बरोबर भरतोय का बघणं, हे माझ्याकडे होतं. माल कोल्ड स्टोरेजला गेल्यावर १३ ते १४ अंश तापमान टिकतंय का याची नोंदही मीच ठेवायचो.

पहिल्या सीझनला घासल्याच्या डागांमुळे बराच माल बाजूला निघत होता. दोन दिवस बागेत जाऊन बघितलं तर घड गाडीत एकमेकांवर रचले जात होते. मालकांशी बोलून मधे फोमच्या शीट टाकायला सुरुवात केली. त्यानंतर रिजेक्शन कमी झालं, त्याची रोजची एक्सेल शीट माझ्याकडे आहे, मालकांच्या परवानगीने मुलाखतीला आणतो.

मी फैजपूरला राहतो, त्यामुळे रात्रीचं लोडिंग असलं तरी मला अडचण नाही. रिझ्युम सोबत जोडला आहे. आपण सांगाल त्या दिवशी भेटायला येतो.

आपला,
(नाव, मोबाईल नंबर)"

यात स्वतःची स्तुती कुठेच नाही, पण बागेत जाऊन बघणारा पोरगा आहे हे वाचणाऱ्याला आपोआप कळतं. आणि मालकांच्या परवानगीचं वाक्य मुद्दाम ठेवलंय. जुन्या मालकाची माहिती हा बाहेर वाटत फिरणार नाही, असा विश्वास त्यातून तयार होतो.

मी फ्रेशर आहे, लिहायला काहीच नाही.

असं कोणाचंच नसतं, आपल्याला ते काम वाटत नाही एवढंच. डिप्लोमाचं प्रोजेक्ट, आयटीआयची अप्रेंटिसशिप, एनएसएसचा कॅम्प, गावात गणेश मंडळाचा हिशोब ठेवला असेल तो, काकांच्या कृषी केंद्रावर सीझनमध्ये काउंटर सांभाळला असेल तो. कापूस पेरणीच्या टायमाला बियाण्याच्या दुकानावर काय गर्दी असते ते ज्याने सांभाळलंय त्याला ग्राहकाशी बोलता येतं, स्टॉक बघता येतो, उधारीची वही समजते, आणि सेल्सच्या पोस्टसाठी हे सोन्यासारखं आहे. घरच्या शेतीचं कामही लिहा, पण पोस्टशी जोडून. ठिबकच्या कंपनीत फील्डवर जायचंय आणि तुम्ही घरच्या शेतात लॅटरल (ठिबकच्या नळ्या) अंथरलेत, फिल्टर साफ केलेत, चोकअप काढलंय, तर ते दुसऱ्या कोणत्याही सर्टिफिकेटपेक्षा जास्त बोलतं.

एक बारीक गोष्ट, विद्यापीठाचं नाव पूर्ण लिहा. "एनएमयू" किंवा "कबचौउमवि" पुण्याच्या एचआरला कळत नाही. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, जळगाव, असं. २०१८ ला नाव बदललं, त्याच्या आधी पास झाला असाल तर सर्टिफिकेटवर जुनं नाव असेल, मग सर्टिफिकेटवर आहे तेच टाका म्हणजे कागदपत्रं तपासताना घोळ होत नाही.

तीन-चार वर्षं एमपीएससी नाहीतर पोलिस भरतीची तयारी केली, आता गॅप दिसतोय. काय लिहू?

खरं लिहा आणि थोडक्यात लिहा. आपल्याकडे प्रत्येक गावात अशी मुलं आहेत, धुळ्या-जळगावच्या अभ्यासिका भरलेल्या असतात, वाचणाऱ्याच्या घरातही एखादा भाऊ-पुतण्या तयारी करणारा असतो. त्यामुळे लपवायची काही गरज नाही. "२०२१ ते २०२४ स्पर्धा परीक्षेची तयारी केली, पूर्व परीक्षा पास झालो, आता पूर्ण वेळ नोकरी करायचं ठरवलंय." एवढं पुरतं. फक्त ते शेवटचं "ठरवलंय" महत्त्वाचं आहे, कारण मालकाला एकच भीती असते की सहा महिन्यांनी जाहिरात निघाली की हा परत पुस्तकं घेऊन बसेल. आणि खरंच मधून परीक्षा द्यायची असेल तर मुलाखतीत आधीच स्पष्ट बोला.

त्या वर्षांत क्लासवर शिकवलं असेल, डेटा एंट्री केली असेल, तर ते नक्की लिहा. लग्नानंतर किंवा बाळंतपणानंतर परत कामाला लागणाऱ्या ताईंनाही हेच सांगेन, एक ओळ कारणाची आणि पुढची ओळ कामाची, सफाई देत बसू नका.

इंग्रजीत लिहू की मराठीत?

जाहिरात ज्या भाषेत त्या भाषेत. पेपरात मराठीत जाहिरात आली असेल तर मराठीत, नोकरीच्या ॲपवर इंग्रजीत असेल तर इंग्रजीत. इंग्रजी कच्चं असेल तर लहान वाक्यं लिहा. मोठमोठे शब्द इंटरनेटवरून उचलून लावले की लगेच ओळखू येतात, आणि मुलाखतीत तुम्ही वेगळंच बोलता तेव्हा ते जास्तच खटकतं. साधं, चुका नसलेलं इंग्रजी कोणालाही चालतं. आधी मराठीत कच्चं लिहून काढा, काय सांगायचं ते पक्कं करा, मग इंग्रजी करा.

अहिराणी येते हे लिहायचं का? कमीपणा नाही ना वाटणार?

उलट लिहाच! मला हा प्रश्न ऐकला की त्रास होतो, आपलीच भाषा लपवायची वेळ का यावी. बियाणं-खतं कंपनीचा फील्ड ऑफिसर, मायक्रोफायनान्स, विमा, ट्रॅक्टरचं शोरूम, औषध कंपनीचा एमआर, इथे शेतकऱ्याशी त्याच्या भाषेत बोलणारा माणूसच लागतो. साक्री, शिंदखेडा, अमळनेर, पारोळ्याकडे अहिराणी, रावेर-यावलकडे लेवा बोली, आणि धडगाव, अक्कलकुव्याकडे भिली, पावरी येत असेल तर आरोग्याच्या, शिक्षणाच्या आणि संस्थांच्या कामात ते फार मोठं क्वालिफिकेशन आहे, कारण बाहेरून येणाऱ्याला ते शिकायलाच वर्ष-दोन वर्षं जातात. नवापूरकडच्यांना गुजराती येतं, सुरतच्या नोकरीसाठी ते पहिल्या परिच्छेदात टाका. फक्त भाषांची यादी करून सोडू नका, त्या भाषेत काय काम केलं ते लिहा, जसं की "धडगाव तालुक्यात पावरी भाषेत लसीकरणाच्या बैठका घेतल्या".

पुण्याची पोस्ट आहे, मी भुसावळला राहतो. पत्ता बघूनच बाजूला टाकतात का?

काही ठिकाणी होतं असं, विशेषतः लगेच जॉइन व्हायचं असेल तर. एका वाक्यात शंका मिटवा, "निवड झाल्यास १५ दिवसांत पुण्याला राहायला येऊ शकतो, मुलाखतीला प्रत्यक्ष येण्याची तयारी आहे." नातेवाइकाचा पुण्याचा पत्ता स्वतःचा म्हणून टाकू नका. उद्या सकाळी अकराला या म्हणाले तर इकडून महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडून पोचेपर्यंत काय सांगणार आहात?

पगाराची अपेक्षा लिहायची का?

विचारली असेल तरच. विचारली असेल आणि तुम्ही टाळली तर अर्ज अर्धवट वाटतो, तेव्हा आकडा नाहीतर रेंज द्या. नोटीस पिरियडचंही (राजीनामा दिल्यावर जुन्या नोकरीत थांबावे लागणारे दिवस) तसंच, नोकरीत असाल तर तो खरा सांगा.

कोणाच्या नावाने लिहू? आणि ओळखीच्या माणसाचं नाव टाकू का?

जाहिरातीत नाव असेल तर नाव, नाहीतर पद. नाव टाकलं तर स्पेलिंग तीनदा तपासा, आडनाव चुकलं की वाचणाऱ्याचा मूड तिथेच जातो. ओळखीच्या माणसाचं नाव त्याला विचारूनच टाका, आणि तो तुमच्या कामाबद्दल बोलू शकत असेल तरच. मामांच्या ओळखीचे साहेब आहेत म्हणून नाव टाकलं आणि त्यांना फोन गेला तर ते म्हणतील "कोण हा?" राजकीय नेत्याचं नाव, शिफारस वगैरे तर पत्रात अजिबात नको.

एआयकडून लिहून घेतलं तर?

मदत घ्या, पण तसंच्या तसं पाठवू नका. आजकाल वेगवेगळ्या गावांतून आलेली पत्रं शब्दाशब्दाला सारखी असतात, एकाच मशीनमधून निघालेली, आणि एका पत्रात तर कंपनीच्या नावाच्या जागी चौकटी कंस तसाच होता. तुमचं काम, तुमचा प्रसंग, गावाचं-मशीनचं-पिकाचं नाव, हे तुम्हीच लिहायचं. मग शुद्धलेखन, व्याकरण तपासायला एआयला द्या. आणि पाठवायच्या आधी मोठ्याने वाचा, जे वाक्य तुम्ही तोंडाने कधीच बोलणार नाही ते काढून टाका.

किती मोठं पाहिजे?

अडीचशे-तीनशे शब्द, अर्ध्या-पाऊण पानात मावेल एवढं. व्हॉट्सॲपवर पाठवायचं असेल तर त्याचंही अर्धं, पाच-सहा ओळी.

ईमेल पाठवताना काय बघायचं?

सब्जेक्ट रिकामा सोडू नका. पोस्टचं नाव, तुमचं नाव, अनुभव, एवढं त्यात टाका. पत्र ईमेलच्या बॉडीतच लिहा, वेगळी फाइल मागितली असेल तरच जोडा. रिझ्युम पीडीएफमध्ये पाठवा, वर्ड फाइल दुसऱ्याच्या मोबाईलवर उघडली की मराठी फॉन्टचे चौकोन होतात. फाइलला स्वतःचं नाव द्या, "न्यू बायोडाटा फायनल २" असं नाव असलेली फाइल डाउनलोड झाल्यावर सापडतच नाही. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला काढलेला "किंग" किंवा "रॉयल" वाला ईमेल आयडी बदला, नाव-आडनावाचा साधा काढा. एकाच ईमेलमध्ये पन्नास कंपन्यांचे पत्ते टाकून पाठवू नका, सगळ्यांना सगळे दिसतात. जीमेलच्या सेटिंगमध्ये पाठवलेला मेल मागे घ्यायची वेळ ३० सेकंदांपर्यंत वाढवता येते, ती वाढवून ठेवा, अटॅचमेंट विसरल्याचं बहुतेक वेळा पाठवल्या-पाठवल्याच लक्षात येतं.

सरकारी नोकरीला आणि शाळेच्या नोकरीला पण लागतं का?

सरकारी भरतीत ऑनलाइन फॉर्म असतो, तिथे कव्हर लेटरचं काही काम नाही, फॉर्म अचूक भरा आणि फोटो-सही सांगितलेल्या साइजमध्ये अपलोड करा. अनुदानित शाळांची शिक्षक भरती शासनाच्या 'पवित्र' पोर्टलवरून होते. खाजगी इंग्लिश मीडियम, सीबीएसई शाळा, विनाअनुदानित कॉलेज इथे मात्र अर्ज थेट जातो, आणि तिथे चांगलं पत्र उपयोगी पडतं. संस्थेच्या जाहिरातीत मा. अध्यक्ष किंवा मा. सचिव यांच्या नावे, छायांकित प्रतींसह, अमुक दिवसांच्या आत असं लिहिलेलं असतं, ते जसंच्या तसं पाळा. पत्रात कोणता विषय, कोणत्या इयत्तेला शिकवला आणि एखादा धडा तुम्ही कसा घेतला ते लिहा, "मला अध्यापनाची आवड आहे" वर थांबू नका.

अर्ज केल्यावर "रजिस्ट्रेशन फी भरा" असा मेसेज आला. भरू का?

नाही. ऑफर लेटर पाठवतो, लॅपटॉपचं डिपॉझिट भरा, ट्रेनिंगचे पैसे भरा, असं म्हणत पैसे मागितले की तिथेच थांबा. पैसे गेले असतील तर उशीर न करता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा, जितक्या लवकर तक्रार तितकी रक्कम अडवायची शक्यता जास्त. आणि पत्रात आधार, पॅन, बँकेचा नंबर कधीच टाकू नका.

पाठवून आठ दिवस झाले, उत्तर नाही. फोन केलेला चालतो का?

चालतो, लहान कंपनीत तर चांगलाच वाटतो. आठवड्याभराने एकदा, सकाळी अकरा ते दुपारी एकच्या दरम्यान, नाव-पोस्ट-अर्जाची तारीख सांगून विचारा, "साहेब, माझा अर्ज मिळाला का, आणि मुलाखती कधी आहेत?" जागा भरली म्हणाले तर पुढे कधी जागा निघेल ते विचारून ठेवा. फोन नंबर नसेल तर त्याच ईमेलला रिप्लाय करून दोन ओळी लिहा, नवीन ईमेल नको, म्हणजे जुना अर्ज खाली दिसतो. दुसऱ्यांदा विचारूनही काही आलं नाही तर तो विषय सोडा आणि पुढच्या जाहिरातीसाठी पत्र नव्याने लिहा, जुन्यातलं कंपनीचं नाव बदलून नाही.